फ्रीव्हील नसलेली सायकल आणि कोकणातला उतार

पायडल मारणे थांबवले तरी सायकल पुढे जात राहते, ही गोष्ट आज इतकी गृहीत धरली जाते की तिच्यामागे एक स्वतंत्र यंत्रणा काम करते याचा सहसा कोणी विचार करत नाही. मागच्या चाकाच्या तुंब्यावर बसवलेल्या दातेरी चक्राच्या पोटात लहान खटके असतात. पायडल पुढे मारले की ते आतल्या दात्यांत अडकून चाक फिरवतात आणि पाय थांबले की त्या दात्यांवरून घसरत राहतात. उतारावर सायकल सोडून दिल्यावर ऐकू येणारी टिकटिक त्या खटक्यांचीच असते. या चक्राला फ्रीव्हील म्हणतात. ते काढून त्याच्या जागी तुंब्याशी घट्ट जखडलेले साधे दातेरी चक्र बसवले की जी सायकल तयार होते तिला फिक्स्ड गियर किंवा लाडाने ‘फिक्सी’ म्हणतात. तिच्यात चाक फिरते आहे तोवर पायडल फिरते, पायडल मागे ढकलले तर चाकाला विरोध होतो, पाय रोखून धरले तर मागचे चाक थांबते आणि सरावलेला स्वार तिला उलटही चालवू शकतो. पाय हलवायचे नाहीत आणि सायकल मात्र धावत ठेवायची, एवढी एकच सोय तिच्यात नाही.

नाव परके वाटले तरी हा प्रकार मराठी वाचकाला अनोळखी नाही. पुढच्या चाकालाच पायडल असलेली लहान मुलांची तीनचाकी सायकल याच तत्त्वावर चालते, आणि सर्कशीतील एकचाकी किंवा पुढे-मागे डोलणारी कसरतीची सायकलही हेच तत्त्व वापरते, कारण स्वाराला तोल सांभाळताना दोन्ही दिशांनी चाकावर ताबा लागतो. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर फ्रीव्हील हीच नंतरची भर आहे. जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे ‘रोव्हर’ नावाची, दोन जवळजवळ सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाकडे जाणारी चेन असलेली सायकल आणली, जिच्यापासून आजच्या सर्व सायकलींची घडण सुरू झाली. तिचे चक्रही जखडलेलेच होते. फ्रीव्हीलचा सार्वत्रिक वापर एकोणिसावे शतक संपता संपता रूढ झाला आणि त्याबरोबरच चांगल्या ब्रेकची गरज निर्माण झाली, कारण तोपर्यंत वेग आवरण्याचे बरेचसे काम पायच करत होते.

शर्यतीच्या जगात मात्र जुनी रचना टिकून राहिली. व्हेलोड्रोम, म्हणजे कडेने उंच होत गेलेली लंबवर्तुळाकार धावपट्टी, हे तिचे घर. येथील सायकलींना आजही ब्रेक नसतात, आणि ही बेफिकिरी नसून नियम आहे, कारण चाकाला चाक भिडवून धावणाऱ्या गटात एकाने अचानक ब्रेक लावला तर मागचे सारे कोसळतील. सर्वांचा वेग पायांनीच हळूहळू कमी-जास्त होत असल्याने एकमेकांच्या हालचालीचा अंदाज बांधता येतो. एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम अशाच सायकलींवर होतो: एडी मर्क्स याने १९७२ मध्ये मेक्सिको सिटी येथे ४९.४३१ किलोमीटरचे अंतर कापले, तर फिलिप्पो गाना याने २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेंखेन येथे ५६.७९२ किलोमीटरपर्यंत मजल मारली. जपानमध्ये १९४८ मध्ये कोकुरा येथे सुरू झालेली ‘केइरिन’ ही पैजेची शर्यत युद्धोत्तर काळात स्थानिक संस्थांच्या तिजोरीत भर घालण्यासाठी मान्य झाली. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले, आणि तिच्यासाठी कडक तपासणीतून जाणाऱ्या पोलादी चौकटी जगभरच्या शौकिनांच्या आवडीच्या वस्तू बनल्या.

भारतात या खेळाची मुळे खोल नसली तरी फळे दिसू लागली आहेत. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी २५० मीटरची लाकडी धावपट्टी उभारण्यात आली; तेथे तयार झालेल्या एसो अल्बेन या अंदमानच्या मुलाने २०१८ मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत केइरिनमध्ये रौप्यपदक मिळवले आणि पुढच्या वर्षी भारताच्या कनिष्ठ संघाने सांघिक स्प्रिंटमध्ये सुवर्णपदक जिंकले. महाराष्ट्रात पुण्याजवळ बालेवाडी येथे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात, व्हेलोड्रोम आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला स्प्रिंट संघात असलेल्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे या दोघी महाराष्ट्राच्या. महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हटले की लोकांना मुंबई-पुणे शर्यत आणि तिच्यात खंडाळ्याचा चढ सर्वांत आधी पार करणारा ‘घाटाचा राजा’ आठवतो. फिक्स्ड गियरवर होणाऱ्या धावपट्टीच्या शर्यतीला असा लोकाश्रय मात्र अजून मिळालेला नाही.

ही धावपट्टीची सायकल रस्त्यावर आली ती न्यूयॉर्कमध्ये, आणि आणली ती निरोप्यांनी. फॅक्स आणि ई-मेलच्या आधीच्या काळात मॅनहॅटनमधील वकिलांच्या, बँकांच्या आणि जाहिरात संस्थांच्या कचेऱ्यांमध्ये कागदपत्रे पोहोचवण्याचे काम सायकलस्वार करत, आणि त्यांच्यापैकी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या, धावपट्टीच्या शर्यतींशी परिचित असलेल्या तरुणांनी ही सायकल कामाला लावल्याचे सांगितले जाते. तिच्यात बिघडण्यासारखे भाग कमी होते, चोराला विकण्यासारखे सुटे भाग त्याहून कमी होते, आणि गर्दीत जागच्या जागी तोल सांभाळून उभे राहण्याची, म्हणजे पाय जमिनीला न टेकवता सिग्नल सुटण्याची वाट पाहण्याची, सोय होती. नेल्सन व्हेल्स हा असाच एक न्यूयॉर्कचा निरोप्या. त्याने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटचे रौप्यपदक मिळवले. निरोप्यांनी आपसांत चालवलेल्या, ठरलेला मार्ग नसलेल्या गल्लीबोळांतल्या बेकायदा शर्यती, त्यांच्या खांद्यावरच्या एकपट्टी पिशव्या, एक बाही दुमडलेली विजार, या सर्वांतून एक पेहराव आणि एक तोरा तयार झाला. २००० नंतरच्या दशकात तो निरोप्यांकडून चित्रकार, विद्यार्थी आणि संगणक क्षेत्रातील नोकरदारांकडे गेला आणि सॅन फ्रान्सिस्को, लंडन, बर्लिन, टोकियो, जाकार्ता असा पसरला. २००८ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली रेड हुक शर्यत पुढे या शौकाची अधिकृत बाजू बनली: बंद रस्त्यावर, ब्रेकशिवाय, फिक्स्ड गियरवर. रंगीत रिमा, जुळत्या रंगाची चेन, अरुंद हँडल आणि शक्य तितकी उघडीवाघडी चौकट ही या सायकलची ओळख ठरली.

येथे एक प्रश्न मराठी वाचकाला पडायला हवा: आपल्याकडच्या कष्टकऱ्यांच्या सायकलीभोवती अशी फॅशन का उभी राहिली नाही? निरोप्याचे काम मुंबईतही होते आणि ते न्यूयॉर्कपेक्षा जुने होते. १८९० पासून डबेवाले घरचे जेवण कचेऱ्यांत पोहोचवत आले आहेत आणि स्थानकापासून पुढचा बराचसा टप्पा सायकलवर होतो. पोस्टमन, पेपरवाले, हँडलवर दुधाच्या किटल्या लटकवणारे गवळी, गोव्यात पहाटे रबरी भोंगा वाजवत पाव विकणारे पोदेर, या सर्वांची सायकल एकच: अठ्ठावीस इंची चाकांची, सळ्यांच्या ब्रेकची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली काळी सायकल. तिलाही एकच गियर, तीही साधी, तीही कोपऱ्यावरच्या कारागिराला दुरुस्त करता येणारी. तरीही तिच्याभोवती फॅशन उभी राहिली नाही, कारण तिच्यावर बसणारा माणूस गरीब आहे हे पाहणाऱ्याच्या मनात पक्के होते आणि त्याच्यासारखे दिसण्याची हौस मध्यमवर्गाला कधी वाटली नाही. मुंबईची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय, सोनीपतची अ‍ॅटलस आणि लुधियानाची हिरो या कारखान्यांनी ही सायकल घराघरांत नेली. स्कूटर आणि नंतर मोटारसायकल परवडू लागताच तीच घरे तिच्यापासून दूर गेली. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. न्यूयॉर्कच्या निरोप्याची सायकल मात्र परदेशातून आल्यामुळे, आणि महाग असल्यामुळे, आपल्याकडे प्रतिष्ठित वाटते. या फरकात सायकलच्या गुणदोषांचा वाटा फार थोडा आहे.

गुणदोषांचा विचार जमिनीसह करावा लागतो, आणि त्यासाठी रत्नागिरीइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. या शहराच्या आजूबाजूचा भूभाग दोनच प्रकारांत विभागला जातो: जांभ्या दगडाचे सपाट माथे, ज्यांना सडा म्हणतात, आणि त्या सड्यांना कापत समुद्राकडे गेलेल्या खाड्या व दऱ्या. मांडवी-गाडीतळाच्या सखल भागातून माळनाक्याकडे निघाले की चढ लागतो, मारुती मंदिर ते साळवी स्टॉप हा माथ्यावरचा भाग त्या मानाने सुसह्य आहे. दक्षिणेला भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून किनाऱ्याजवळचा सपाट रस्ता संपला की फणसोप मागे टाकत गोळपच्या सड्यावर चढायचे आणि पावसला पुन्हा उतरायचे. उत्तरेला साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे अशा वाटेने गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता देखणा खरा, परंतु आरे-वारेचे चढउतार तीव्र आणि वळणे आंधळी आहेत. कोल्हापूरकडे जायचे तर साखरप्यापुढे आंबा घाट उभाच आहे.

अशा जमिनीवर फ्रीव्हील नसण्याचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. पुढच्या चेनव्हीलला ४८ दाते आणि मागच्या चक्राला १६ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन फेरे घेते; चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल ६.३ मीटर पुढे जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ७९ फेरे पडतात, ही कोणत्याही सरावलेल्या स्वाराची सुखाची चाल. उतारावर वेग ताशी ४५ झाला की फेरे ११९ होतात आणि ५५ झाला की १४५. म्हणजे सेकंदाला जवळजवळ अडीच वेळा पाय गोल फिरले पाहिजेत आणि थांबण्याची सवलत नाही. पाय त्या गतीला पुरले नाहीत तर पायडल स्वाराला खोगिरावरून उचलते. उलट, चढ सोसावा म्हणून दाते कमी-जास्त करून गुणोत्तर हलके केले तर उतारावर फेरे आणखी वाढतात. आणि जड केले तर चढावर गुडघ्यांची परीक्षा होते. गियर बदलण्याची सोय नसलेली सायकल एकाच वेळी चढ आणि उतार या दोघांना न्याय देऊ शकत नाही. फ्रान्सच्या जगप्रसिद्ध शर्यतीत, जेथे गियर बदलणारी यंत्रणा १९३७ पर्यंत वर्ज्य होती, स्वार डोंगराच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढत आणि उलटे फिरवून बसवत, कारण चाकाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत.

वळणावरची अडचण वेगळी. साध्या सायकलवर वळताना आतल्या बाजूचे पायडल वर ठेवून झुकता येते. फिक्स्ड गियरमध्ये पायडल फिरतच असल्याने ते जमिनीला घासून सायकल उडण्याचा धोका असतो, म्हणूनच धावपट्टीच्या सायकलींचा पायडलचा आस उंचावर बसवतात. खड्डा आला तर दोन्ही पायडले समांतर धरून उभे राहण्याचीही सोय नाही, आणि पावसाळ्यात कोकणातील रस्त्यांवर खड्डे किती असतात हे सांगण्याची आवश्यकता नाही. तिसरी गोष्ट चेनची. चेन उतरली तर साधी सायकल नुसती थांबते. येथे ती चाकात अडकून चाक जागच्या जागी बांधले जाऊ शकते किंवा पायांनी थांबवण्याची सोय क्षणात नाहीशी होते. साडीचा पदर, ओढणी किंवा साफसफाई करणाऱ्याचे बोट चालत्या चेनमध्ये सापडले तर ती थांबत नाही. म्हणून ही चेन फिरती ठेवून पुसण्याचे धाडस कोणी करू नये.

सर्वांत मोठा गैरसमज ब्रेकचा आहे. पाय रोखून मागचे चाक घसटत नेण्याची हातोटी पाहायला आकर्षक वाटते, परंतु भौतिकशास्त्र तिच्या बाजूचे नाही. सायकल मंदावताना वजन पुढच्या चाकाकडे सरकते आणि मागच्या चाकाची जमिनीवरची पकड कमी होते, त्यामुळे फक्त मागच्या चाकाने थांबायला पुढच्या चांगल्या ब्रेकच्या मानाने साधारण दुप्पट अंतर लागते. ओल्या जांभ्याच्या लाल चिखलावर आणि शेवाळलेल्या कडांवर ते आणखी वाढते. शिवाय घसटल्याने टायर झिजतो, आणि तोही विचित्र पद्धतीने: ४८ आणि १६ दात्यांच्या जोडीत पायडल ठरावीक स्थितीत आले की टायरचा नेमका तोच भाग खाली येतो, म्हणून एकच ठिकाण झिजून भोक पडते, मागे १६ ऐवजी १७ दाते घेतले की झीज १७ ठिकाणी वाटली जाते. ब्रेकशिवाय रस्त्यावर येणाऱ्या अशा सायकली बर्लिनच्या पोलिसांनी २००९ मध्ये जप्त केल्या. ब्रिटनमध्ये जखडलेले मागचे चाक हा एक ब्रेक मानला जातो, पण पुढच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक असावाच लागतो. दक्षिण कोरियात किशोरवयीन मुलांमध्ये ही टूम पसरल्यावर २०२५ मध्ये पोलिसांना कारवाई जाहीर करावी लागली. भारतात सायकल हे मोटार वाहन नसल्याने तिला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. नगरपालिकेचा बिल्ला नसलेल्या किंवा रात्री दिवा नसलेल्या सायकलस्वाराला पोलीस अडवत तो काळही मागे पडला. त्यामुळे येथे ब्रेक लावायचा की नाही हे बरेचसे स्वाराच्या शहाणपणावर सोडलेले आहे.

इतके सांगितल्यावर या सायकलच्या बाजूनेही बोलायला हवे, आणि तिची बाजू कोकणात अनपेक्षितपणे भक्कम आहे. खारी हवा आणि तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस यांमुळे येथे लोखंडाचे जे जे बारीक ते ते आधी गंजते. गियर बदलणाऱ्या यंत्रणेच्या स्प्रिंगा, तारा, खटके यांना एक पावसाळाही जड जातो. फिक्स्ड गियरमध्ये यातले काहीच नसते. एक जाड चेन, दोन चक्रे आणि त्यांना नियमित तेल, एवढ्यावर ती चालते. पाय सतत फिरत ठेवावे लागत असल्याने पायडल मारण्याची लय सुधारते, म्हणूनच युरोपातील शर्यतपटू हिवाळ्याच्या सरावात तिचा वापर करत. नाचणे गावाकडचा किंवा सड्यावरचा एखादा सपाट, कमी रहदारीचा रस्ता सकाळी तिच्यासाठी उत्तम.

आपल्याकडची काळी सायकल तिच्या रूपांतराला सोयीची आहे हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्या मागच्या चाकाचा आस ज्या खाचांत बसतो त्या आडव्या असल्याने चाक मागे ओढून चेन ताणता येते, आणि फिक्स्ड गियरला नेमकी तीच गरज असते. गियरच्या आधुनिक सायकलींच्या उभ्या खाचांत हे जमत नाही. मात्र नेहमीच्या तुंब्यावरचे फ्रीव्हील काढून त्याच आट्यांवर साधे चक्र आवळण्याची युक्ती जिवावर बेतू शकते. फ्रीव्हीलवर जोर एकाच दिशेने येतो आणि तो त्याला आवळत राहतो. जखडलेल्या चक्रावर पाय रोखताना जोर उलट दिशेने येतो आणि ते चक्र सैल होऊन सुटते. म्हणून खऱ्या तुंब्यावर चक्राच्या बाहेर उलट्या आट्यांची एक कडी, म्हणजे लॉकरिंग, असते. कारागिराकडून काम करून घेताना ही कडी आहे का, एवढे तरी विचारावे.

रत्नागिरी जिल्ह्यात सायकलीचा जो नवा उत्साह दिसतो तो मुख्यतः गियरच्या सायकलींचा आहे, आणि तो योग्यच आहे. रत्नागिरी सायकलिस्ट क्लब, चिपळूण सायकलिंग क्लब, दापोली सायकलिंग क्लब यांसारख्या मंडळांनी नोकरदार, डॉक्टर, शिक्षक आणि गृहिणींना पुन्हा सायकलवर बसवले; रेवस ते रेड्डी या सागरी मार्गाने दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळच्या फेरीबोटींत सायकल चढवून जाणारे प्रवासी आता नवलाचे राहिलेले नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशा वेळेच्या चौकटीत होणाऱ्या ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरींत जगभर काही हट्टी स्वार फिक्स्ड गियरवर उतरतात, पण तो हट्टच. शहराच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: शाळा-महाविद्यालयाला जाणारी मुले, मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे पोहोचणारे कामगार आणि एमआयडीसीतले कर्मचारी यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला सलग, खड्डेमुक्त पट्टी आणि सायकल लावायला जागा मिळणार आहे का? पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा केला, भाड्याच्या सायकलींच्या योजना गाजावाजाने सुरू झाल्या आणि थोड्याच वर्षांत रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या गावाची ही कथा रत्नागिरीच्या नगरपरिषदेने नीट अभ्यासावी.

ज्या तरुणाला या सर्वांतूनही फिक्स्ड गियरचा मोह आवरत नाही त्याने दोन बाजूंचा तुंबा असलेले मागचे चाक निवडावे, ज्याच्या एका बाजूला जखडलेले चक्र आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसते, आणि पुढे व मागे दोन्हीकडे ब्रेक बसवावेत. पायडलला पायपट्टे असावेत, चिखलपाण्यासाठी मडगार्ड असावेत, मागे परावर्तक आणि दिवा असावा. या गोष्टींनी सायकलचे रूप बिघडते असे मानणाऱ्याने ती दिवाणखान्यातच ठेवावी. सड्यावर जखडलेल्या बाजूने खुशाल फिरावे; आरे-वारेच्या किंवा आंबा घाटाच्या उताराला लागण्यापूर्वी मात्र चाक उलटवून फ्रीव्हीलची बाजू लावावी. त्यासाठी १५ नंबरचा पाना आणि पाच मिनिटे पुरतात.